रात्री उचलला जाणारा फोन

पंधरा वर्षांचा मुलगा दप्तरात सुरी घेऊन निघतो, तेव्हा ती बहुधा घरातल्या खणातली असते. ब्रिटनमधल्या बातम्यांत दातेरी पात्यांची, रंगीत मुठींची हत्यारं झळकतात. 'झॉम्बी नाइफ' म्हणून ओळखली जाणारी ही पाती घरात ठेवणंही सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये गुन्हा आहे. पण धारदार हत्यारानं झालेल्या खुनांची आकडेवारी पाहिली, तर वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर कांदा चिरायची साधी सुरीच दिसते. २००५ साली तिथल्या तीन डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं, की लांब आणि टोकदार स्वयंपाकी सुऱ्यांची विक्रीच बंद करा. त्यांनी नामवंत शेफनाही विचारलं होतं. लांब सुरीला टोक हवंच, असं पटेल असं कारण कुणालाच देता आलं नाही. सूचना शहाणपणाची होती, पण देशातला प्रत्येक खण काही कायद्यानं रिकामा होत नाही. म्हणून तरुण मुलांमध्ये काम करणाऱ्यांना सुरीपेक्षा आधी तो रस्ता बघावा लागतो, ज्यावरून हा मुलगा रोज चालतो.

त्या रस्त्याला वेळ असते. लंडनच्या रॉयल लंडन हॉस्पिटलमधल्या सर्जननी २००४ ते २०१४ या काळात भोसकल्या गेलेल्या, पंचविशीच्या आतल्या १,८२४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. तरुणांवरचे हल्ले जास्त करून मध्यरात्रीच्या आसपासचे होते. सोळाच्या आतल्या मुलांवर मात्र ते दुपारी चार ते सहाच्या दरम्यान एकवटलेले होते. म्हणजे शाळा सुटल्यावर, घराच्या वाटेवर. सगळ्या शाळा एकाच वेळी सोडू नका, सुटायच्या वेळा थोड्या मागेपुढे करा, अशी सूचना डॉक्टरांनीच केली. वीस मिनिटांचा फरक पडला तरी दोन शाळांची भांडणारी मुलं एकाच बसस्टॉपवर समोरासमोर येत नाहीत. वेळापत्रक बदलायला खर्च फारसा नाही. अडचण येते ती बसच्या फेऱ्या, शिक्षकांचे तास आणि धाकट्या भावंडांना आणणाऱ्या पालकांची. तेव्हा हे काम शाळेनं एकटीनं ठरवून होत नाही.

सुरी का बाळगतोस, असं विचारल्यावर सर्वांत जास्त मिळणारं उत्तर एकच: भीती. 'सगळेच ठेवतात' हे त्या भीतीचं दुसरं रूप, आणि ते खोटं आहे. बहुतेक मुलं सुरी ठेवत नाहीत. पण सगळ्यांकडे आहे असं एकदा वाटलं, की ज्याच्याकडे नाही तो स्वतःला मूर्ख समजू लागतो.

ही भीती नकाशावर उतरवता येते. कार्लीन फर्मिन या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी मुलांच्या सुरक्षिततेचा विचार घराबाहेरच्या जागांच्या अंगानं करायची पद्धत घडवली. त्या पद्धतीतलं सर्वांत उपयोगी साधन म्हणजे एक कागद आणि तीन रंगांचे पेन. मुलाला शाळा ते घर हा परिसर दाखवायचा. जिथं निवांत वाटतं तिथं हिरवा, जिथं सावध राहावं लागतं तिथं पिवळा, जिथं पाऊलच टाकत नाही तिथं लाल. हे गटात करायचं नाही, कारण चार मित्रांसमोर कुणीच लाल पेन उचलत नाही. कागदावर नाव लिहायचं नाही. आठ-दहा कागद एकमेकांवर ठेवले, की लाल रंग दोन-तीन ठिकाणी गडद होत जातो: एखाद्या इमारतीचा जिना, भुयारी वाट, चिकनच्या दुकानामागची गल्ली. बहुतेक मोठ्या माणसांना या जागा माहीतच नसतात, कारण ती त्या वेळी तिथून जात नाहीत.

यानंतर घोटाळा होतो तो असा, की नकाशे सुंदर अहवालात जातात आणि जिना तसाच राहतो. मुलांनी जागा दाखवल्यावर पंधरवड्याच्या आत तिथं काहीतरी बदललेलं दिसलं पाहिजे: दिवा, झुडपांची छाटणी, चार ते सहा उभा राहणारा ओळखीचा माणूस. दिसलं नाही, तर पुढच्या वेळी तीच मुलं सगळा नकाशा हिरवा रंगवून देतात.

सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी कार्यक्रम म्हणजे सभागृहात पाचशे मुलं बसवून रक्ताचे फोटो दाखवणं. मुलांना तुरुंग दाखवून घाबरवायचे अमेरिकी कार्यक्रम अनेकदा तपासले गेले. काहीच न करण्यापेक्षा ते वाईट ठरले. त्यांतून गेलेली मुलं पुढे जास्त गुन्हे करताना आढळली. जप्त केलेल्या सुऱ्यांची टेबलावर आरास मांडून काढलेला फोटो त्याच जातीचा. पोलिसांना त्यात कामगिरी दिसते, बाराव्या मजल्यावरच्या मुलाला मात्र बाहेर किती सुऱ्या फिरताहेत एवढंच कळतं. स्कॉटलंडमधल्या हिंसा-प्रतिबंधाच्या कामात म्हणूनच पोस्टरवर सुरी नको, असा आग्रह धरला जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश गृहखात्यानं तर चिकनच्या खोक्यांवर सुरीविरोधी संदेश छापून तीन लाखांहून जास्त खोकी दोनशेच्या वर दुकानांत पाठवली. कृष्णवर्णीय म्हटलं की तळलेलं चिकन, हा जुना शिक्का सरकारनं स्वतःच छापून वाटला, अशी टीका झाली. ती रास्तच होती.

सभागृहापेक्षा लहान वर्ग बरा, आणि वर्गात भाषणापेक्षा हातांना काम बरं. 'मांडीत मारलं तर कुणी मरत नाही' हा समज मुलांमध्ये चांगलाच रुजलेला आहे. मांडीतली मोठी धमनी तुटली, तर रुग्णवाहिका पोचायच्या आत, काही मिनिटांत माणूस जाऊ शकतो. हे नुसतं सांगण्यापेक्षा रक्तस्राव थांबवायला शिकवताना सांगितलं तर पोचतं. तासाभराचा वर्ग, बारा-पंधरा मुलं, दोघांत एक संच. संचात हातमोजे, कात्री, दाबून धरायचं जाड ड्रेसिंग, जखमेत कोंबायची रक्त गोठवणारी पट्टी, छातीच्या जखमेवर चिकटवायचं सील आणि हातापायाचं रक्त थांबवायला करकचून बांधायचा आवळपट्टा (टूर्निके). शिकवायचं थोडंच. आधी ९९९ ला, म्हणजे ब्रिटनच्या आपत्कालीन नंबरला, फोन. रुतलेलं पातं उपसायचं नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबायचं. दाब हातांच्या ताकदीचा नको, कोपर सरळ ठेवून अंगाचा भार टाकायचा. हातापायाला आवळपट्टा जखमेच्या वर पाच ते सात सेंटीमीटरवर, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. छातीच्या जखमेत काही कोंबायचं नाही. एकदा दाबलं की 'थांबलं का' म्हणून उचलून बघायचं नाही. नवशिक्यांची सर्वांत जास्त चूक इथेच होते.

या वर्गाला दुसरा मोठा माणूस लागतोच, आणि तो दाराबाहेर उभा हवा. त्या खोलीत कुणीतरी मित्राला किंवा भावाला असं पडलेलं पाहिलेलं असू शकतं. अशा मुलाला आधीच विचारायचं, आणि उठून जावंसं वाटलं तर कारण न विचारता जाऊ द्यायचं.

आता स्कॉटलंडमधलं ग्लासगो शहर. या विषयावर बोलणारा कुणीही तिथं गेल्याशिवाय राहत नाही, पण तिथं नेमकं काय झालं हे क्वचितच नीट सांगितलं जातं. २००४-०५ या वर्षात स्कॉटलंडमध्ये १३७ खून झाले होते. २००५ मध्ये ग्लासगो भागातल्या स्ट्रॅथक्लाइड पोलिसांनी हिंसा कमी करण्यासाठी वेगळा विभाग काढला. कल्पना कॅरिन मॅक्लस्की आणि जॉन कार्नोकन यांची. ती माहिती-विश्लेषक, तो खुनांचा तपास करून थकलेला पोलीस अधिकारी. हिंसेकडे साथीच्या रोगासारखं बघायचं, असं त्यांनी ठरवलं. कुठून पसरते, कुणाला आधी लागते, कुणाला गाठलं तर साखळी तुटते?

२००८ मध्ये शहराच्या पूर्व भागात, जिथं पन्नासहून जास्त टोळ्या होत्या, त्यांनी एक उपक्रम सुरू केला. मूळ कल्पना बॉस्टनची. तिथं १९९६ मध्ये पोलीस, पाद्री आणि रस्त्यावरचे कार्यकर्ते एकत्र येऊन टोळ्यांना थेट भेटले होते, आणि तरुणांचे खून पुढे ६३ टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासात दिसलं. अमेरिकेत परिविक्षेवर (प्रोबेशनवर) असलेल्यांना अशा बैठकीला यायची सक्ती करता येते. स्कॉटलंडमध्ये ती सोय नव्हती. त्यामुळे पोलीस आणि समाजसेवक दारोदार गेले आणि मुलांना या म्हणाले. मला तर या सगळ्या हकिगतीत हीच पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. वॉरंटाशिवाय दार वाजवणारा पोलीस त्या मुलांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असेल.

बैठक ग्लासगोच्या शेरीफ न्यायालयात, खऱ्याखुऱ्या कोर्टरूममध्ये भरायची. न्यायाधीश आसनावर. पोलीस अधिकारी सांगायचा: तुम्ही कोण आहात ते आम्हाला माहीत आहे, यापुढे एकानं हात उचलला तर आम्ही त्याच्या पूर्ण टोळीच्या मागे लागू. मग जखमा शिवणारा सर्जन. मग मुलावर वार झालेली आई. ती उठली, की बाकांवरची कुजबुज थांबायची. मग या आयुष्यातून बाहेर पडलेला एखादा. आणि शेवटी एक फोन नंबर: हिंसा सोडायची असेल तर इथं फोन करा, शिक्षण, नोकरी, व्यसनमुक्ती, जे लागेल ते बघू.

पाहुण्यांना नेहमी कोर्टरूमचं नाट्य आठवतं. नकलाही त्याच्याच होतात. पण बैठक एका संध्याकाळची असते आणि फोन पुढची दोन वर्षं वाजतो. मुलगा त्याच रात्री फोन करत नाही. तो करतो तीन आठवड्यांनी, शनिवारी रात्री अकराला, काहीतरी बिनसल्यावर. 'कार्यालयीन वेळेत संपर्क साधा' हे ऐकू आलं, की न्यायालयात दिलेला शब्द तिथंच संपतो. उचलणाऱ्याजवळ त्या क्षणी देता येण्यासारखं काहीतरी हवं: टॅक्सीचं भाडं, एका रात्रीची दुसरीकडे सोय, सोमवारी सकाळी घरी येणारा ठरावीक माणूस. मुलाला शिकाऊ नोकरी मिळाली आणि बस शत्रूच्या वस्तीतून जाते म्हणून तो गेलाच नाही, अशा गोष्टी या कामात नेहमीच्या. कागदावर त्याची नोंद 'अनुत्सुक' अशी होते.

दोन वर्षांनी मोजदाद केली, तेव्हा उपक्रमात टिकलेल्या मुलांचे शस्त्र बाळगण्याचे गुन्हे ८४ टक्क्यांनी घटले होते. तशाच गरीब भागातल्या, उपक्रमात नसलेल्या मुलांमध्येही घट होती, पण ४० टक्के. मारामारीच्या बाबतीत दोन्ही गटांतला फरक एवढा स्वच्छ निघाला नाही. ही दुसरी ओळ भाषणांतून सहसा गळते. २०११ मध्ये उपक्रम संपला. विभाग राहिला, त्यानं शाळा, तुरुंग आणि रुग्णालयांतली कामं धरली. २०२२-२३ मध्ये स्कॉटलंडमध्ये ५२ खून नोंदले गेले. त्याचं सगळं श्रेय एका विभागाला देणं चूकच. कायदा, दारू, घरं, शाळेतून काढून टाकण्याचं घटलेलं प्रमाण, सगळ्याचाच त्यात हात आहे.

रुग्णालयातलं काम मात्र जवळून बघण्यासारखं. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये २००६ पासून युवा-कार्यकर्ते अपघात विभागात बसू लागले. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत २०१५ च्या अखेरीस 'नॅव्हिगेटर' नावाचे असेच कार्यकर्ते आले, गुलाबी टी-शर्टातले. डॉक्टर आणि पोलिसांच्या गणवेशांच्या गर्दीत तो रंग चटकन उठून दिसतो. त्यांतले काही जण स्वतः त्या वाटेनं जाऊन आलेले.

कार्यकर्ता डॉक्टरांचं झाल्यावर आणि मित्र पोचायच्या आत खाटेपाशी जातो. पहिला प्रश्न 'कुणी केलं?' असा कधीच नसतो. तो पोलिसांचा प्रश्न, आणि एकदा विचारला की कार्यकर्ताही पोलीसच. 'फोनला चार्जर हवाय का?', 'आईला कोण सांगणार?' असं काहीतरी. कपडे पुरावा म्हणून गेलेले असतात, मुलगा रुग्णालयाच्या गाऊनमध्ये लाजून बसलेला असतो. म्हणून दोन-तीन मापांचे ट्रॅकसूट ठेवावे लागतात. बाहेर प्रतीक्षागृहात तेवढ्यात बदल्याचं ठरत असतं. त्यामुळे दुसरा कार्यकर्ता तिथं हवा. आतल्या जखमीइतकंच बाहेरच्या मित्रांना गाठणं तातडीचं. पुढची भेट दोन दिवसांच्या आत. त्यानंतर मुलगा पुन्हा आपल्या टेचात जातो आणि फोन उचलेनासा होतो. घरी सोडताना विचारायचं ते एवढंच: तू ज्या जिन्यावर भोसकला गेलास, तोच जिना चढून घरी जाणार आहेस का? 'हो' असेल तर सगळं समुपदेशन बाजूला ठेवून आधी घर बदलण्याचं पत्र लिहायचं.

मुलानं सांगितलेलं काय गुप्त राहील आणि काय सांगावंच लागेल, हे पहिल्याच भेटीत बोलून घ्यायचं. 'कुणाला इजा होणार आहे असं तू म्हणालास, तर मला गप्प बसता येणार नाही.' नंतर सांगितलं तर तो विश्वासघात होतो.

वेल्समधल्या कार्डिफनं याहून साधं काम केलं. जोनाथन शेफर्ड हे जबड्यांचे सर्जन. फुटलेले चेहरे शिवता शिवता त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी मारामाऱ्या पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. मग अपघात विभागाच्या खिडकीवरचा कर्मचारी विचारू लागला: नेमकं कुठं, कधी, कशानं, किती जणांनी? नाव वगळून ही माहिती पोलीस आणि नगरपालिकेकडे जाऊ लागली. हिंसेमुळे दाखल होणाऱ्यांचं प्रमाण तिथं एक लाख लोकांमागे महिन्याला सातवरून पाचवर आलं. तुलनेच्या शहरांत त्याच काळात ते पाचवरून आठवर गेलं. खिडकीवर 'कुठं' याचं उत्तर 'रस्त्यावर' असं लिहिलं, की सगळं मुसळ केरात. अमुक बारच्या दारात, तमुक स्टॉपच्या मागं, इतकं बारीक हवं.

युवा केंद्रांबद्दल थोडक्यात, कारण त्यातलं गणित सरळ आहे. २०१० ते २०१९ मध्ये लंडनमधली सुमारे ३० टक्के युवा केंद्रं बंद झाली. ज्यांच्या जवळचं केंद्र गेलं, त्या किशोरांनी गुन्हा करण्याची शक्यता १४ टक्क्यांनी वाढली, असं २०२४ च्या एका अभ्यासात निघालं. वाचवलेल्या प्रत्येक पौंडामागे समाजाला जवळपास तीन पौंडांचा फटका. केंद्र टिकतं ते बॉक्सिंगच्या रिंगणामुळे किंवा रेकॉर्डिंगच्या खोलीमुळे, पण काम करतो तो तिथं बसलेला माणूस. एका कार्यकर्त्याकडे नीट सांभाळायला दहा-बारा मुलं पुरे. वेळ चार ते सात, आणि शुक्रवार-शनिवारी रात्री. दोन दारं हवीत, म्हणजे पुढच्या दाराशी कुणी वाट बघत असेल तर मागून जाता येतं. एखाद्यानं 'माझ्याकडे आहे' असं सांगितलं तर हात पुढे करायचा नाही, झडती घ्यायची नाही. हळू आवाजात टेबलावर ठेवायला सांगायचं, बाकीच्यांना दुसऱ्या खोलीत न्यायचं, पोलिसांना फोन करून मगच ती वस्तू हलवायची. नाहीतर ती घेऊन रस्त्यानं जाणारा कार्यकर्ताच कायद्यात अडकतो. आणि मुलाला हे सगळं आधीपासून माहीत हवं. पैसा वर्षावर्षाच्या बोलीनं मिळतो, कार्यकर्ता अकराव्या महिन्यात दुसरी नोकरी शोधतो, आणि मुलाच्या यादीत निघून गेलेल्या मोठ्या माणसांत आणखी एकाची भर पडते.

हे वाचताना पुणेकरांना कोयता आठवल्याशिवाय राहणार नाही. उसाच्या आणि नारळाच्या कामाचा कोयता २०२२-२३ च्या सुमारास शहरातल्या पोरांच्या हातात आला, तेव्हा विकत घेणाऱ्याचं आधार कार्ड बघा, असं दुकानदारांना सांगण्यात आलं. आरोपींची त्यांच्याच वस्तीतून धिंड काढली गेली. त्या धिंडीचे रील झाले, खाली बदामांचा पाऊस पडला, आणि एरियातली वट उलट वाढली. सुरीच्या फोटोचं जे तिथं होतं तेच इथं कोयत्याच्या व्हिडिओचं. आपल्याकडे विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे गुन्ह्यात सापडलेला अल्पवयीन, म्हणून नोंद झालेला मुलगा निरीक्षणगृहातून सुटतो आणि त्याच चौकात परत येतो, जिथं खुन्नस धरून बसलेले त्याची वाट बघत असतात. त्याला त्या दिवशी घ्यायला कोण जातं, पहिला महिना तो कुठं राहतो, हे ठरवणारा माणूस नेमलेला नसतो. तालमी आहेत, मंडळांची कार्यालयं आहेत, संध्याकाळी उघडी असतात आणि मुलं आधीच तिथं येतात. केंद्र बांधायचा खर्च वाचला. पण मंडळाचा अध्यक्षच ज्याच्यापुढे वाकतो तो 'भाई' त्याच कट्ट्यावर बसत असेल, तर ती जागा बाद.

सरकारी रुग्णालयात वार झालेला रुग्ण आला की एमएलसी (मेडिको-लीगल केस म्हणून नोंद) होते आणि पोलिसांना कळवलं जातं. कार्डिफला जी सवय लावावी लागली तिचा अर्धा भाग आपल्याकडे नियमातच आहे. फक्त त्या नोंदीत घटनास्थळ म्हणून पोलीस ठाण्याच्या हद्दीवर न थांबता चौक, गल्ली आणि वेळ लिहायला हवी, आणि महिन्यातून एकदा नावं झाकून तो तक्ता शाळांचे मुख्याध्यापक, वॉर्ड ऑफिस आणि पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, डेपोपर्यंत जायला हवा. दिवा बसवायचा, शाळेची वेळ बदलायची की बस दुसऱ्या थांब्यावर उभी करायची, हे त्यांच्याच हातात असतं.